पांढऱ्या जीपचं डावं चाक

नमस्कार. या कट्ट्यावरचे अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते आहे, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. कॉलेजच्या कँटीनमध्ये मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येक भुताला एखादं साधं कारण शोधून द्यायचे. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कारणं शोधायची हौस जरा जास्तच... आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. लिहावं की नको, यातच दिवाळीची सुट्टी संपली. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडवर, कुंभारीजवळच्या घरकुलात राहतो. दोन खोल्या. आई विड्या वळते. आप्पा, म्हणजे माझे वडील, पूर्वी वडापची, म्हणजे सीट भरून नेणारी जीप चालवायचे, सोलापूर ते अक्कलकोट. आता ते एका टॉवेल कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत.

मला गाड्यांची स्केल मॉडेल्स बनवायचा नाद आहे. खेळण्यातली तयार गाडी नव्हे. डब्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभरेक सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी गाडी तयार होते. नवीन किट मला परवडत नाही, पण लोक कंटाळून अर्धवट सोडलेली किट्स ऑनलाइन ग्रुपवर स्वस्तात विकतात, ती मी घेते. भाग कापायला आईची विडीचं पान कापायची कात्री. त्यावरून रोज भांडण. "इंजिनेर व्हनार म्हनं ही," आई म्हणते, "आन् कात्री माजी बोथट!"

आता अपघाताचं. मी अकरावीत होते. सकाळच्या पहिल्या फेरीला आप्पांची जीप वळसंगच्या पुढे रस्ता सोडून लिंबाच्या झाडावर गेली. मागे बसलेल्या एक बाई वारल्या. आप्पांचा हात मोडला. शुद्धीवर आल्यापासून आप्पा एकच वाक्य सांगत होते — "स्टेअरिंग गेलं." जीपचा मालक म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली.

आप्पा दवाखान्यात असताना चौकशीला पोलिसांतले एक साहेब घरी आले. आई घाबरून आतल्या खोलीत गेली, म्हणून मी बोलले. घरात नीट बोलता येणारी मीच ना! त्यांनी विचारलं, आदल्या रात्री वडील किती वाजता घरी आले? मी सांगितलं, दीड वाजता, लग्नाचं भाडं होतं. परत कधी निघाले? साडेपाचला. साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "हुशार आहेस. खरं बोलतेस." मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण तेच कागदावर राहिलं आणि आप्पांचं वाक्य राहिलं नाही. पुढे वकील म्हणाले, कबूल करून टाका, शिक्षा कमी होईल. आप्पांनी कबूल केलं, भोगून आले. लायसन्स गेलं. आणि मीही मनातून धरूनच चालले होते की डुलकीच लागली असणार. चार तासांची झोप, दुसरं काय होणार... साधं कारण.

या वर्षी दिवाळीच्या आधी मला एका जीपचं अर्धवट किट मिळालं. मी ठरवलं, आप्पांची जीप करायची. तशीच पांढरी, तसाच बोनेटवर हिरवा पट्टा. त्यांना आनंद व्हावा म्हणून, असं मी आईला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती गाडी बघून आप्पा कधीतरी बोलतील, "डोळा लागला गं," एवढं एकदा कबूल करतील, असं मला वाटत होतं.

गाडीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, टायरॉड. त्याच्यामुळे स्टेअरिंग फिरवलं की दोन्ही चाकं बरोबर वळतात. किटमध्ये तो दांडा आगपेटीच्या काडीएवढा. त्याची दोन टोकं दोन बारीक खुंट्यांवर बसवायची, मग तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने खुंट्यांची डोकी चेपायची, म्हणजे दांडा निसटत नाही. असं मी सात गाड्यांना केलं आहे. एकदाही निसटला नाही.

या जीपचा दुसऱ्याच दिवशी निसटला. फक्त डावीकडून. डावं चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून वळलेलं, दांडा खाली लोंबत होता. वाटलं, डोकं नीट चेपलं गेलं नसेल. नवी खुंटी बसवली आणि जीप झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच, डावंच चाक. आईला विचारलं, तू हात लावलास का?

"मला काय कामं न्हाईत व्हय? हजार इड्या हायेत अजून."

तिसऱ्यांदा मी चिडून सुपरग्लू ओतला. दांडा, खुंटी, चाक, सगळं पक्कं. आता चाक वळणारच नव्हतं. डब्याला टेप लावली.

चार दिवसांनी, शनिवारी, भर दुपारी तीनच्या सुमाराला मी टेप काढली. टेप जशीच्या तशी होती. डावं चाक बाहेर वळलेलं होतं. आणि खुंटीवर, जिथे चेपलेलं डोकं हवं तिथे, एक तार होती. केसाएवढी बारीक, लोखंडाची, गंजलेली. खुंटीला दोन वेढे, आणि टोक पीळ देऊन तुटलेलं.

मी भिंगातून पाहिली. मॉडेलला मी तांब्याची तार वापरते, तीही या गाडीला वापरली नव्हती. मोबाईलमध्ये फोटो काढला, फोटोतही ती होती. डोक्यात अजून हिशेब चालूच — ज्याने किट अर्धवट सोडलं, त्याची असेल का? पण ती खुंटी मी स्वतः बनवली होती...

तेवढ्यात आप्पा ड्युटीवरून आले. चप्पल काढता काढता माझ्या हातातल्या जीपकडे त्यांचं लक्ष गेलं. जवळ आले. भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"काय?"

"तार."

आप्पा खाली बसले.

"पिन न्हवती त्या दिवशी," ते म्हणाले. "टायरॉडचा नट सुटू नये म्हून पिन असती की. तिच्या जागी मिस्त्रीनं तार मारली व्हती."

"आप्पा, तुम्ही कधी तारेचं बोलला नाहीत."

"कुनाला बोलू? स्टेअरिंग गेलं म्हनलं की समदे म्हनायचे, व्हय व्हय, डुलकी लागल्यावर जातंच. कसं गेलं, म्हून एकानं तरी इचारलं का?" मग आवाज खाली आला. "तार मला दिसली व्हती. तरी गाडी काढली. मानसं भरून बसली व्हती, मालक हॉर्न मारत हुबा. ते माजं चुकलंच. पर झोपलो न्हवतो मी."

आई आतून हातात विड्यांचं सूप घेऊन दारात आली होती. तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

सोमवारी मी तो डबा घेऊन त्या मिस्त्रीकडे गेले. आप्पांच्या ओळखीचे, वयस्कर, नाक्यावर त्यांचं गॅरेज आहे. मी काही न बोलता जीप उलटी करून बाकड्यावर ठेवली. मिस्त्रींनी चष्मा लावला, आणि उठून आधी गॅरेजचं दार लोटलं.

"तेरेकू कौन बोल्या ये?"

"कुणी नाही, चाचा. खरं आहे का?"

"दो पेच मारा था मैं. ऐसेच." ते बोटाने हवेत दोन वेढे काढून दाखवत होते. "मालिक बोल्या, पिन शाम कू डालेंगे, अब्बी तार मार. मैं मार दिया."

मी म्हटलं, हे लिहून द्याल का? ते चष्मा पुसत राहिले. "बेटी, मालिक की चार गाड़ियाँ अब्बी बी मेरेकनेच आतीं. और तेरा बाप तो सजा काट के आ गया ना?"

दोन वेढे होते हे मला आप्पांनी सांगितलं नव्हतं. मी मिस्त्रींना सांगितलं नव्हतं, आणि भिंगाशिवाय ते वेढे मोजता येत नाहीत. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्यातले काही जण माझ्यासारखे असतील.

घरी आले तेव्हा आप्पा जेवत होते. मी समोर बसले. वाटेत सगळं ठरवलं होतं, वकिलांना भेटू, अर्ज करू, मीच लिहीन.

"आप्पा, मी मिस्त्रीचाचांकडे जाऊन आले. मला पटलं. तुम्ही झोपला नव्हता."

आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी सांगितलं तवा न्हाय पटलं," ते म्हणाले. "ह्या प्लास्टिकच्या गाडीनं सांगितलं तवा पटलं. का गं?"

रागाने नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. थोडा वेळ वाट पाहिली त्यांनी. मग पाणी प्याले, हात धुतले आणि पुढच्या ड्युटीसाठी झोपायला गेले. अर्जाचं म्हणाले, "काय करू नगंस. माजं व्हायचं ते झालं. तू तुजी परीक्षा दे." त्यानंतर हा विषय घरात निघालेला नाही.

तारेचं कारण मला आजही सापडलेलं नाही. आमच्या लॅबमधल्या सरांनी ती पाहिली, ते म्हणाले साधी बांधायची तार आहे, पण इतकी बारीक बाजारात मिळत नाही. बंद डब्यात ती कशी आली, कुणी बांधली... तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

आप्पांनी विचारलं त्याचं उत्तर मात्र मला त्याच क्षणी माहीत होतं. त्या दिवशी घरी आलेले साहेब पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत होते, आणि आप्पा तसं बोलत नव्हते. एवढंच होतं. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.