कड्याखालचा उजेड

आमच्या घरात गणित फक्त मला येतं. तलमडुगूच्या मराठी शाळेत मी ते सातवीला शिकवते. सासूबाईंची काठीसुद्धा मीच मोडली. (दोन्हींचा संबंध पुढे येईल.)

शेवग्याच्या शेंगा पाडताना काठी हातातून निसटली आणि तिच्या मुठीचा लाकडी गोळा दगडावर दुभंगला. सासूबाईंची बोटं आखडलेली, मूठ पुरती मिटत नाही, त्यामुळे त्यांना मोसंबीएवढा गोळाच लागतो. त्यात बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर, आणि विहारात कुणाचाही हात न धरता जायचं त्यांनी गल्लीभर जाहीर केलेलं!

माझा नवरा अंगणातल्या लेथवर पलंगाचे पाय करतो. घरात सागवानाचा एकच जाड तुकडा होता, तो त्यानं चढवला. पटाशीनं गोलाई दिली, मग दोन लाकडी वाट्यांत गोळा आडवा धरून पुन्हा फिरवला. तासाभरानं डोळे मिटून तो तळहातात घोळवला आणि झाला म्हणाला.

आता हाताला काय कळतं! मी शास्त्र काढलं. गोळ्यावर कुठेही वर्तुळ टेकवा, फट दिसता कामा नये. सासूबाईंच्या पेटीतलं चांदीचं कडं त्यांच्यादेखत काढून आणलं, गोळ्यावर ठेवलं आणि उन्हात धरलं. दोन बाजूंनी उजेड!

त्यानं पुन्हा तासलं. उजेड. वाट्यांत फिरवून तासलं. तरी उजेड! दुपारचं जेवण राहिलं, गिऱ्हाइकाचे पलंग राहिले, भुशानं आम्ही दोघं पिवळे झालो.

"गोल हाय तो," नवरा वैतागून म्हणाला. "हाताले लागून राह्यला ना."

"हाताचं नको सांगू. कडं काय म्हणून राह्यलं ते पाह्य."

संध्याकाळी मी बाविसाव्यांदा कडं ठेवायला गेले आणि गोळा त्यातून आरपार खाली पडला. लिंबाएवढा उरला होता मेला! नवऱ्यानं पटाशी ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. आधी गोळा पाहिला, मग कडं.

"अजून हेच कडं काऊन लावून राह्यली? हे तं मागच्या साली पलंगाच्या पायाखाली चेपलं. म्हून तं घालत नाई मी."

सकाळपासून सांगितलं का नाही, असं मी जवळजवळ रडत विचारलं.

"तू मास्तरीण," त्या शांतपणे म्हणाल्या. "मले वाटलं, गणितात असंच कडं लागत असन."

कडं ओट्यावर ठेवून पाहिलं. चक्क अंडाकृती! म्हणजे गोळा सकाळीच गोल होता, आणि वीस वर्षं वर्तुळ शिकवणाऱ्या मला चेपलेलं कडं दिवसभर हातात धरूनही ओळखता आलं नव्हतं. अस्सा संताप आला, पण काढणार कुणावर?

पौर्णिमेला सासूबाई माझा खांदा धरून विहाराकडे निघाल्या. कोपऱ्यावरच्या मावशींनी काठी कुठं गेली म्हणून विचारलं. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"हे हाय ना. सातवीले गणित शिकवते."