टेम्पोमामांनी उभा नेलेला टीव्ही

टेम्पोमामांच्या टेम्पोत आडवं व्हायची कुणालाही परवानगी नव्हती. देवणीच्या गाई आणि वळू बाजाराला, प्रदर्शनाला नेण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि उभं चढवलेलं जनावर उभंच उतरवायचं हा त्यांचा बाणा होता. एकदा परतीच्या वाटेवर रिकाम्या टेम्पोत कडब्यावर मी जरा पाठ टेकली, तर गाडी थांबवून त्यांनी मला उठवलं. "ऊठ भाच्या. गाडीत आडवा पडला की गेला म्हनून समज." मी बैल नाही, हे त्यांना पटवून देण्यात काही अर्थ नव्हता.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझे वडील, आबा, देवणीजवळच्या आमच्या गावात सालगडी होते. मालकाचे बैल आबांनी सांभाळायचे आणि मामांनी गाडीतून न्यायचे. चढवताना एकानं कासरा धरायचा, दुसऱ्यानं मागून थोपटायचं. या चढवाउतरवीत दोघांची अशी दोस्ती जमली की ते माझ्या आईचे भाऊ झाले आणि आम्हा भावंडांचे मामा.

माझी धाकटी बहीण सुनीता फौजदार झाली तेव्हाची गोष्ट. नाशिकला तिचं दीक्षान्त संचलन होतं आणि ते मोबाइलवर थेट दिसणार होतं. आबा मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेले, त्यात नजर अधू. मोबाइल पुढे धरला की म्हणायचे, "मुंग्या चालून राहिल्यात नुसत्या." आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाची लेक वर्दीत चालणार आणि त्यांना मुंग्या दिसणार, हे मला सहन होईना. नांदेडच्या माझ्या घरात पंचावन्न इंची टीव्ही होता. तोच गावी न्यायचं ठरवलं. मामा हिमायतनगरला गाई पोचवून आदल्या दिवशी नांदेडवरून रिकामे परतणार होते.

टीव्हीचं मूळ खोकं असतं तर काम सोपं होतं. पण ते उलगडून माझ्या बायकोनं गच्चीवर कुरडया वाळवल्या होत्या आणि आतलं थर्मोकोल मुलांनी भीमजयंतीच्या देखाव्याला लावलं होतं. मामांनी टीव्हीभोवती एक फेरी मारली, मागून बघितला, कडेनं बोट फिरवलं. "अंगानं दांडगा हाय, पर कंबर लई नाजूक. उभाच न्यावा लागंल." मग त्याला स्वच्छ वाकळ गुंडाळली, खाली कडबा अंथरला, दोन्ही बाजूंनी भुसकटाची पोती लावली. दोरी पोत्यांवरून घेतली, काचेवरून नाही. गाठ मारताना म्हणाले, "घाबरंल एवढं आवळायचं न्हाई, पडंल एवढं सोडायचं न्हाई." मुलं वाढवायला मला याहून चांगला सल्ला कुणी दिलेला नाही.

मला मागे टीव्हीशेजारी बसवलं, अर्थात ताठ. गतिरोधक आला की पुढून हाक यायची, "आहिस्ता, राजा, आहिस्ता." ही हाक मला नसून टीव्हीला आहे हे मला लोह्याच्या पुढे कळलं. अहमदपूरला थांबून त्यांनी चहाआधी वाकळीत हात घालून बघितला. "गार हाय. मजेत हाय."

उदगीरच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं आणि रस्ता खालच्या ओढ्यातल्या दगडगोट्यांतून वळवला होता. मामा उतरले, सगळा ओढा पायी चालून आले आणि मान हलवली. "बैल असता तर गेला असता. ह्यो न्हाई जायचा." आम्ही टीव्ही उतरवला. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं मी, दोघांनी एकच पाय एका वेळी टाकायचा. माझे हात भरून आले, पण टेकवायचं नाव काढायची सोय नव्हती.

पलीकडे काही बायका खुरपणं आटपून निघाल्या होत्या. आमच्या भागात स्वच्छ कापडात गुंडाळलेली एवढी मोठी वस्तू दोन माणसं जपून उभी नेताना दिसली, तर तो कुणातरी थोर माणसाचा फोटोच असतो, शाळेत नाहीतर विहारात लावायला चाललेला. एका म्हातारीनं पायातली चप्पल काढली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "कोनाचा फोटो हाय, बाबा?"

मामा पाऊल न चुकवता म्हणाले, "आजून कोनाचाच न्हाई, माय. उद्या सकाळी ह्याच्या बहिनीचा येनार हाय. फौजदार झाली ती."

म्हातारीनं जोडलेले हात सोडले नाहीत.

मामांनी मागे जाऊन रिकामा टेम्पो ओढ्यातून आणला; टीव्ही पुन्हा उभा चढवून गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आईला टीव्ही लगेच लावून हवा होता, पण मामा आडवे आले. "परवासातून आलेल्या जनावराला लगीच पानी दावतात का? दम घेऊ दे त्याला." टीव्हीनं रात्रभर भिंतीशी दम घेतला.

सकाळी मी टीव्ही लावायला गेलो आणि खाली बघितलं. टीव्हीचे दोन पाय, ज्यांवर तो उभा राहतो, ते नांदेडला राहिले होते. हरवू नयेत म्हणून मीच ते कागदात गुंडाळून वेगळे जपून ठेवले होते. भिंतीला टेकवावा तर दारातून येणाऱ्या उजेडानं आबांना काही दिसेना. संचलनाला पाच मिनिटं उरली होती. मामांनी लोखंडी पेटी खाटेसमोर ओढली, टीव्ही तिच्यावर उभा केला आणि स्वतः मागे जाऊन दोन्ही हातांनी धरून राहिले. पुढून त्यांची फक्त बोटं दिसत होती.

पडद्यावर रांगा आल्या. सगळ्यांची एकच वर्दी, एकच टोपी. आबा डोळे बारीक करून बघत होते.

"दिसली का?" मागून आवाज आला.

"न्हाई आजून."

"आता?"

"थांब की जरा! हलवू नको."

मग आबा कोपरावर उठले. "ती बघा. तिसऱ्या रांगंत. उजवा खांदा पुढं टाकून चालती ती." आम्हाला कुणालाच ओळखू आली नव्हती. आईनं तोंडाला पदर लावला.

"आबा, दिसली का?" मागून मामांनी पुन्हा विचारलं.

"दिसली रे, दिसली! लई ताठ चालून राहिली."

टीव्ही थरथरायला लागला. हात भरले असतील म्हणून मी मागे धावलो, तर मामा रडत होते. दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायची सोय नव्हती. मी त्यांच्याच खांद्यावरच्या टॉवेलानं ते पुसले. त्या सकाळी मला मामांइतकं जवळचं कुणी वाटलं नाही. नंतर आम्ही संचलन त्यांना पुन्हा लावून दाखवणार होतो, पण निलंग्याला गाई खोळंबल्या होत्या. ते निघून गेले. अख्ख्या घरात सुनीता फक्त त्यांनाच दिसली नव्हती.

आता मामांचे गुडघे गेलेत, टेम्पो विकलाय. सुनीता पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा घरी यायच्या आधी देवणीला मामांच्या घरी उतरली, वर्दीतच. दारात उभं राहून तिनं कडक सलाम ठोकला. मामा म्हणाले, "थांब, चश्मा आनतो." चष्मा लावून ते बाहेर आले, गल्लीत खाट टाकून बसले आणि म्हणाले, "हां. आता चाल."

आणि आमच्या फौजदारीणबाई त्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकट्या मामांसाठी, पावलं आपटत चालल्या.