धक्काबाईंचं शेपूट

कारखान्यात त्यांना सगळे धक्काबाई म्हणत. पॉवर कन्व्हर्टर, म्हणजे आलेली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा डबा, त्यांच्या टेबलावर आला की त्या त्याच्यावर एकदम पूर्ण भार टाकत आणि व्होल्टेज किती खाली बसतं, किती लवकर सावरतं ते पडद्यावर बघत. "सुखात काय, कोणीही शहाण्यासारखं वागतं," त्या म्हणायच्या. "धक्का बसला की खरे गुण कळतात."

त्या दिवशी टेबलावर होता त्यांच्या सुनेनं बनवलेला पहिलावहिला डबा. सासू सुनेला धक्का देणार, हा तमाशा फुकटात कोण सोडतो? अख्खा विभाग गोळा झाला. साहेबांनी आधीच बजावलं होतं, नापास झाला तर जुनंच मॉडेल चालू राहील. धक्काबाईंनी काळजीतच व्होल्टेज मोजायचा प्रोब डब्याला लावला. पोर हुशार, कष्टाळू, पण अबोल. लग्नाला वर्ष होत आलं तरी घरात "हो आई"च्या पुढे गाडी सरकत नव्हती. सुखात आहे की नुसती निभावतेय, काही कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरची रेघ खाली आली, वर गेली आणि थरथरत राहिली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"नापास," त्या कशाबशा म्हणाल्या. घरच्या माणसाला झुकतं माप देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण जीव तुटला.

सून मात्र पडद्याऐवजी सासूच्या हाताकडे बघत होती. तिचे कान लाल झाले.

"आई," ती म्हणाली, "शेपूट."

शेपूट म्हणजे प्रोबला लोंबणारी ग्राउंडची वायर. ती लांब राहिली की आजूबाजूचा गोंगाट पकडते आणि नसलेली थरथर पडद्यावर दाखवते. "शेपूट आवरा!" म्हणून धक्काबाईंनी आजवर एकेकाला फैलावर घेतलं होतं. आज काळजीच्या भरात त्यांचंच शेपूट वीतभर लोंबत होतं.

त्यांनी मुकाट्यानं वायर काढून तिच्या जागी आखूड स्प्रिंग लावली आणि बटण दाबलं. रेघ जराशी बसली आणि सरळ उठून उभी राहिली.

"पास!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. डबा पास झाल्याचा आनंद होताच. पण सुनेनं चारचौघांत आपली चूक काढली, याचा आनंद त्याहून मोठा होता.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सुनेनं धक्काबाईंच्या हातच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि थांबली.

"आई, भाजीत मीठ कमी आहे."

"आज?"

"रोजच."

धक्काबाईंना सावरायला जरा वेळ लागला. मग त्यांनी हसत हसत मिठाची बरणी सुनेच्या हातात दिली.