दम धरा

माझं बोलणं अडखळत चालतं. शाळेत मला 'धक्कास्टार्ट' म्हणत. माझी वाक्यं आई मायेपोटी पूर्ण करायची, मामा घाईपोटी आणि शेजारी निव्वळ मजा म्हणून. एकटी ताई कधी करायची नाही. कुणी मध्ये तोंड घातलं की डोळे वटारून म्हणायची, "दम धरा. वाक्य त्याचं आहे, त्यालाच संपवू द्या." लिहिताना मी अडखळत नाही, म्हणून तिची हकीकत मीच लिहितोय.

माणसाचं बोलणं यंत्राला ओळखायला कसं शिकवावं, यावर ताई विद्यापीठात संशोधन करायची. तिथे सगळे आवाज बातम्या वाचणाऱ्यांचे, घासूनपुसून लख्ख. "असं घरात कोण बोलतं?" हे विभागप्रमुखांना विचारून विचारून तिचा घसा बसला, तेव्हा पक्की प्राध्यापकी सोडून ती एका कंपनीत गेली. आईने कपाळाला हात लावला.

कंपनी दवाखान्यांचे फोन उचलणारं यंत्र बनवत होती. रुग्णाने त्रास सांगायचा, यंत्राने डॉक्टरची वेळ द्यायची. पण रुग्ण जरा गप्प झाला की यंत्राला वाटायचं, याचं संपलं, आणि ते फोन ठेवून द्यायचं. मग ताई सुट्टीच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात खिडक्या लावून, पंखा बंद करून अडखळणाऱ्यांचे आवाज टिपू लागली. आम्ही घामाघूम व्हायचो. शब्दाआधी ओढलेला श्वास, अर्धाच फुटलेला 'क', हेही बोलणंच आहे, असं तिने यंत्राच्या गळी उतरवलं.

कंपनीच्या साहेबांना ते खपेना. "यंत्र रेंगाळतं. अडखळणारे असतात तरी कितीसे?"

"एक माझ्या घरात आहे," ताई म्हणाली. "उद्या आणते."

तिच्या सहीशिवाय कुठलंच यंत्र दवाखान्यांत जाणार नव्हतं, आणि सही केली नाही तर तिची नोकरी जाणार होती. बैठकीच्या खोलीत मला दोन फोन दिले. पहिल्यावर कंपनीचं जुनंच यंत्र होतं; मी "मला पो... पो..." करतोय तोवर "धन्यवाद" म्हणून तो बंद झाला. पोटात दुखून माणूस मेला असता तरी त्याने धन्यवादच म्हटलं असतं. दुसरा ताईचा. तो थांबला. पोटदुखी पुरती ऐकून घेऊन त्याने मला डॉक्टरची वेळ दिली.

"छान आहे," साहेब म्हणाले, "पण लोकांना घाई असते. पहिलंच पाठवू." मग माझ्याकडे वळले. "तुमची काही हरकत?"

"मा... मा..."

"मान्य आहे म्हणताहेत," असं म्हणत त्यांनी कागद ताईपुढे सरकवला.

ताईने पेनाला टोपण लावलं. "दम धरा, साहेब."

मी संतापलो होतो, त्यामुळे शब्द आणखीच अडकला. पण ताई माझ्या मदतीला आली नाही. ती कधीच येत नाही.

"मा... माझं बोलणं अजून संपलेलं नाही."

साहेबांनी कागद मागे ओढला. मग मी बोललो. बराच वेळ लागला. तो सगळाच्या सगळा मी घेतला.