वाढत्या मापाची मूठ

आमच्या घरात मुलीसाठी तिच्या मापाची एकही वस्तू कधी आली नाही. युनिफॉर्म एक माप मोठा, बूट एक माप मोठे, पोहायचा ड्रेस तर एवढा मोठा की पाण्यात उतरली की त्याचा फुगा व्हायचा. नवऱ्याचा कायदाच तसा. दुकानदाराने अगदी बरोबर बसणारा बूट पुढे केला की हा अंगठ्याने टोक दाबून बघणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, "वाढतं अंग आहे, याच्या वरचा दाखवा." घरी आलं की बुटाच्या टोकात कापूस. माझ्या माहेरीही हेच चालायचं. तुमच्याकडेही चालत असणार, उगाच नाकं मुरडू नका.

पण पिस्तुलाच्या बाबतीतही कोणी हेच करेल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

आम्ही अबू धाबीत राहतो. नवऱ्याचा इंटिरियरच्या कामाचा धंदा, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात छोटं वर्कशॉप. मी घरून पुरणपोळ्या, भाजणी, सणासुदीचा फराळ असल्या ऑर्डरी घेते. मुलगी तेरा वर्षांची, एकुलती एक. तिला आम्ही कीबोर्डला घातलं, पोहायला घातलं, कराटेला घातलं. सगळीकडे ती निमूट गेली आणि सगळीकडून निमूट परत आली. मग एकदा शाळेने मुलांना एका शूटिंग क्लबवर नेलं. तिथून आल्यावर दप्तरही न उतरवता म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू गो अगेन." जन्मात पहिल्यांदा या पोरीने स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

पिस्तूल म्हणजे तसलं नाही हो, हवेवर चालणारं. छर्रा उडतो आणि समोरच्या कागदाला भोक पडतं. ते घरी आणता येत नाही. क्लबच्या नावावर असतं आणि क्लबच्याच कपाटात कुलूपबंद राहतं. मुलीला शिकवायला एक इजिप्शियन मॅडम होत्या, आवाज खणखणीत आणि हसणं त्याहून. त्यांनी तिच्यासमोर तीन पिस्तुलं मांडली. मला वाटलं, आता कंपनी, किंमत, असलं काही सांगतील. छे! त्या म्हणाल्या, डोळे मीट, पिस्तूल टार्गेटकडे उचल, आता डोळे उघड. पहिलं पिस्तूल बघत होतं छताकडे. दुसरं जरा खाली. तिसरं उचलून तिने डोळे उघडले तर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एका ओळीत, मनगट कुठेही वळवायला नको. "खलास," मॅडम म्हणाल्या. "हेच तुझं."

आता राहिली मूठ. ही लाकडाची असते, एका स्क्रूवर निघते, आणि ती मात्र ज्याची त्याने घ्यायची, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. मॅडमनी मुलीचा पंजा कागदावर ठेवून मोजला आणि नवऱ्याला बजावलं, "स्मॉल. लक्षात ठेवा, स्मॉल." आणि त्या उन्हाळ्याच्या सुट्टीवर कैरोला गेल्या. मूठ आणायला नवरा एकटा गेला. मी इथे शंकरपाळ्यांत अडकले होते. नाहीतर पुढचं काहीच झालं नसतं.

मूठ आली. सुंदर, अक्रोडाच्या लाकडाची, वास घेत राहावा अशी. आणि पोरीचा नेम बिघडला.

अगदी चमत्कारिक बिघडला. छर्रे सुटायचे ते सगळे डावीकडे. क्लबची भाड्याची जुनी मूठ होती तोवर तिचे छर्रे मधल्या काळ्या गोलात पडायचे, आणि आता स्वतःची महागाची मूठ असताना गोलाच्या कडेला. मॅडमच्या जागी आलेला कोच तरुण होता, मेहनती होता. त्याने तिचे पाय बघितले, श्वास बघितला, ट्रिगर बोटाच्या दिशेने जितका मागे सरकवता येतो तितका सरकवून बघितला. "मूठ ठीक आहे ना?" असंही त्याने विचारलं होतं म्हणे. ही म्हणाली, "यस सर." त्याला वाटलं, मॅडमनी मोजूनच घ्यायला लावली असणार. मग राहिलं काय? "फोकस, फोकस." गाडीत परत येताना ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी मागच्या आरशातून तिच्याकडे.

आणि नेमकी हीच वेळ महत्त्वाची होती. क्लबच्या ज्युनियर टीममध्ये एकच जागा शिल्लक होती. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी निवड. सुट्टी लागली तेव्हा ती जागा हिचीच असं सगळे धरून चालले होते. आता ही यादीत सगळ्यांत खाली होती. ती जागा गेली असती तर टीममधल्या कोणी ते मनावर घेतलं नसतं, पण ही पुन्हा कधी काही मागणार नाही, हे मला आतून माहीत होतं.

निवडीच्या आधीच्या मंगळवारी ती क्लबमधून आली आणि पिशवीतून ती मूठ काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. आमटीच्या पातेल्याशेजारी. "सेल इट," म्हणाली. "आय ॲम डन."

नवरा काही बोलला नाही. भाताचा घास कालवत राहिला. मी म्हटलं, "अगं, असं काय करतेस?" तर "माझा हातच चांगला नाही," म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, तेही हळूच लावलं.

टेबल आवरायचं म्हणून मी ती मूठ उचलली. सहज हातात धरली. आणि काय सांगू, अशी बसली हातात! तळव्याचा फुगवटा तळव्यात, बोटांच्या खाचांत बोटं, कुठे फट म्हणून नाही. पुरणाची मोठमोठी पातेली हाटून हाटून माझा पंजा केवढा झालाय ते आमच्या बांगडीवाल्याला विचारा. माझ्या हाताला फिट्ट बसणारी वस्तू तेरा वर्षांच्या पोरीच्या हाताला कशी बसेल? मी ती उलटी करून बघितली. खाली बारीक अक्षर कोरलेलं होतं, एम, म्हणजे मीडियम.

"मॅडमनी स्मॉल सांगितली होती ना रे?"

"हो," नवरा म्हणाला. "पण अगं, एवढे दिरहम घालायचे, रुपयांत धर म्हणजे कळेल, आणि वर्षात हात मोठा झाला की फेकायची? वाढतं अंग आहे..."

माझं डोकंच फिरलं. "गिऱ्हाइकाचं कपाट दोन मिलिमीटर चुकलं तर रात्रीचा दिवस करून नवं करून देतोस! आणि पोरीच्या हाताला एक माप जास्त? मुठीत आता कापूस घालू का?" आवाज चढला होता, शेजारचे ऐकत असतील तर ऐकोत. "तिचं बोट ट्रिगरवर पुरतं पोचत नाहीये! टोकाने ओढतेय ती, म्हणून सगळं डावीकडे जातंय!" मला हे इतकं नक्की कसं कळलं? कारण ती मूठ माझ्या बोटांना अगदी पुरी पडत होती, आणि तिचं बोट माझ्यापेक्षा पेरभर आखूड आहे; टोकाने ओढलं की छर्रा डावीकडे जातो, हे मॅडम तिला सांगताना मी ऐकलं होतं.

आरडाओरडा ऐकून पोरगी बाहेर आली. मी तिला विचारलं, "बाळा, मूठ मोठी होतेय हे तुला कळत नव्हतं का?"

"कळत होतं ना," ती म्हणाली. मग नेहमीसारखं इंग्रजीत, अगदी साधेपणाने, "बट एव्हरीथिंग इज बिग इन द बिगिनिंग, आई." सुरुवातीला सगळंच मोठं असतं. तिला वाटलं होतं, सवय करून घ्यायची असते.

नवऱ्याने ताटात हात धुतला. एरवी मी त्यावरूनही बोलले असते.

नवी मूठ शनिवारपर्यंत येणं शक्य नव्हतं. मी कैरोला मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळी कर्मकहाणी सांगितली. त्या आधी हसल्या, मग कपाळावर हात मारला, मग म्हणाल्या की घाबरू नका, मूठ भरून काढता येते, मोठमोठे नेमबाजही भरतात. लाकडाची पुट्टी लावा, ओली असताना तिला धरायला सांगा, वाळली की घासा. मागून लाकूड तासा म्हणजे बोट पुढे पोचेल. फक्त मनगटाला आधार होईल असं काही ठेवू नका, नियमात बसत नाही. "यल्ला, हबीबती, मला शनिवारी फोन करायचा," असं अरबीत लाडीगोडी लावून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवरा वर्कशॉपला गेलाच नाही. कानस, पॉलिश पेपर आणि पुट्टीचा डबा घेऊन बाल्कनीत बसला. मी स्वयंपाकघरातून डबे बांधायची क्लिंग फिल्म आणली आणि पोरीचा पंजा नीट गुंडाळला. त्याने पुट्टी मळून मुठीवर थापली. "धर," म्हणाला. "जशी तुला धरावीशी वाटते तशी. मी सांगतोय तशी नको." तिने धरली. बोटांमधून पुट्टी वर आली, तशी ती खुदकन हसली, किती दिवसांनी! मग तो घासायला बसला. घासायचा, तिच्या हातात द्यायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा घासायचा. हजारदा विचारलं असेल, "कुठे टोचतंय?" आधी ती म्हणायची, "इट्स ओके." मग हळूहळू सांगायला लागली, इथे जास्त आहे, इथे अजून घे, नो बाबा, नॉट देअर. संध्याकाळपर्यंत चक्क वैतागून हुकूम सोडत होती. तो गपगुमान ऐकत होता.

मूठ दिसायला भयंकर झाली. अर्धं अक्रोड, अर्धी पिवळट पुट्टी, कोड आल्यासारखी. पण गुरुवारी क्लबमध्ये ती पिस्तुलावर चढवली, पोरीने डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवली.

शनिवारी निवडीआधी पिस्तूल तपासायला द्यावं लागतं. ठरलेल्या मापाच्या पेटीत ते मावलं पाहिजे. तपासणाऱ्या माणसाने मूठ फिरवून फिरवून बघितली, नखाने पुट्टी खरवडली. "घरी केली?" त्याने विचारलं. नवरा म्हणाला, "हो, मी." त्याने शिक्का मारला.

पालकांनी काचेमागे बसायचं, आवाज करायचा नाही. समोर स्क्रीनवर प्रत्येक छर्रा कुठे पडला ते दिसतं, मधोमध लागला की दहा गुण. पोरीचे पहिले दोन गेले उजवीकडे. इतके दिवस डावीकडची चूक सावरायची सवय लागलेली ना! नवरा उठला आणि बाहेर निघून गेला. मी मनात म्हटलं, छर्रे गेले, जा बाबा, तूही जा. मग तिसरा आत आला. चौथा आत. एकदा मध्येच आठवर घसरला, पण पुढचा पुन्हा मधोमध. शेवटच्या फेरीपर्यंत ही आणि एक उंच मुलगी, दोघी जवळजवळ बरोबरीत. शेवटच्या छर्ऱ्याला हिने हात उचलला आणि न मारताच खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. घड्याळ पळतंय! मी मनातल्या मनात ओरडत होते, मार गं बाई एकदाचा. तिला काही घाई नव्हती. तिसऱ्यांदा हात उचलला आणि सोडला. दहा.

उंच मुलीचा शेवटचा नऊवर पडला आणि जागा हिला मिळाली. मी काचेमागे टाळी वाजवली, कोणीतरी श्श केलं, मी पुन्हा वाजवली.

नवऱ्याला सांगायला पार्किंगमध्ये धावले. तो रणरणत्या उन्हात गाडीशेजारी उभा होता. "मिळाली रे जागा!" म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आनंद झालाय.

"त्या दिवशी ती विकून टाका म्हणाली ना," तो म्हणाला, "तेव्हा मी गप्प का बसलो माहितीये? मी मनात म्हटलं, जाऊ दे, हिला नाहीच काही जमत. माझ्याच पोरीबद्दल म्हटलं गं मी असं."

मी त्याचा हात धरला आणि उभी राहिले.

तेवढ्यात दार ढकलून पोरगी बाहेर आली, आमच्याकडे पळत. "बाबा! डिड यू सी?"

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "नाही पाहिलं," म्हणाला. "तू सांग. पहिल्या छर्ऱ्यापासून सांग."

आणि त्या उन्हात उभी राहून ती सांगायला लागली.