माणिकरावांची बिननावाची कोडी

माणिकराव गरड यांच्याशी ओळख व्हायच्या आधी मला त्यांचा आवाज ओळखीचा होता. धाराशिवच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते लाऊडस्पीकरवरून सांगायचं, हे त्यांचं काम. एका रविवारी मी तामलवाडीला आईकडं निघाले होते आणि गाडीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात स्पीकर खरखरला. "तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणारी गाडी थोड्याच वेळात..." एवढं झाल्यावर माईक बंद करायचा राहिला आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू आलं, "हत्तीच्या पाठीवरची बैठक, तीन अक्षरी. हौदा बसत न्हाय हो सलीमभाई!"

लोक हसायला लागले. मी पिशवी उचलली, खिडकीपाशी गेले आणि आत डोकावून म्हणाले, "अंबारी." आत जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक उंच, काळासावळा माणूस मांडीवर रविवारची पुरवणी घेऊन बसला होता. त्यानं अक्षरं भरली आणि वर न बघताच म्हटलं, "बसलं. या आत. गाडी येईस्तोवर उभा नऊ बघा." गाडी आली आणि गेली. मी पुढच्या गाडीनं गेले, उशिराबद्दल आईची बोलणी खाल्ली आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहिले.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होते. आठवडाभर सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले यांत गेल्यावर रविवारी शब्दांशी खेळायला मिळणं ही माझ्यासाठी चैन होती. सलीमभाईंचा स्थानकातच वर्तमानपत्रांचा स्टॉल होता. आमच्यातले चौथे कदम वकील. कोर्टात त्यांचं बरं चाललेलं होतं, पण जीव रमायचा तो हारतुऱ्यांत. गावात कुठंही सत्कार असो, वकीलसाहेब स्टेजवर असायचेच. माणिकराव सेवानिवृत्त झाल्यावर आमची बैठक स्टॉलच्या मागच्या बाकड्यावर आली. आधी पुरवणीतलं कोडं सोडवायचं. ते एका चहात संपायचं. मग आमच्यापैकी कुणीतरी तयार केलेलं कोडं निघायचं, आणि खरा रविवार तिथून सुरू व्हायचा.

सुरुवातीला कोड्यावर करणाऱ्याचं नाव असायचं. त्याचा परिणाम असा झाला की वकिलांचं कोडं कितीही पाणचट असलं तरी "वा साहेब!" होऊ लागलं आणि सलीमभाईंच्या कोड्यात मात्र जो तो खोट काढू लागला. सलीमभाई मनाला लावून घेणारा माणूस. एकदा ते म्हणाले, "नाहक कशाला माझं बनवायचं? मी आपला तुमचं सोडवत बसतो." माणिकरावांना ते लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला आणि नियम घातला. आपापलं कोडं टायपिंगच्या दुकानातून टाइप करून आणायचं, म्हणजे अक्षरावरून कळणार नाही. नाव टाकायचं नाही. कच्चा कागद फाडून टाकायचा. घडी करून डब्यात सोडायचं आणि रविवारी जे हाताला येईल ते सोडवायचं. "नाव दिसलं की लोक माणूस सोडवाया बसतात," ते म्हणाले, "कोडं ऱ्हातं बाजूला."

नियम गमतीचा होता आणि न्यायाचाही होता. सलीमभाईंची कोडी चांगली असतात हे आम्हाला त्यानंतर कळलं. वकिलांची पाणचट असतात हेही उघड झालं, पण नाव नसल्यामुळं तोंडावर बोलावं लागत नव्हतं. सोडवून झालेली कोडी वकील घरी न्यायचे. "मी फाईल करून ठेवतो, आपला ठेवा आहे," असं म्हणायचे. आम्हाला त्यांचं कौतुकच वाटायचं.

माणिकरावांचं कोडं मात्र पहिल्या दोन ओळींत ओळखू यायचं. आयुष्यभर गावांची नावं पुकारलेला माणूस. एखादा थांबा आल्याशिवाय त्यांची चौकट पुरीच होत नसे. कधी येडशी, कधी ढोकी, कधी परंडा. त्यांचं स्वतःचं गाव भूम तालुक्यातलं ईट. त्याचं सूत्र ठरलेलं, 'आमचं गाव, दोन अक्षरी.' एकदा 'बाईंचं माहेर, पाच अक्षरी' असं आलं; बाई म्हणजे मी, माहेर तामलवाडी. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघून हसायला लागलो. ते मात्र गंभीर. "कुणाचं का असंना. वळखायचं न्हाय, सोडवायचं." आपलं कोडं आहे हे त्यांनी एकदाही कबूल केलं नाही. चुकाही करायचे. एकच शब्द एका कोड्यात दोनदा घालायचे आणि दाखवून दिलं की कानाची पाळी चोळत म्हणायचे, "ज्यानं केलंय त्याला सांगू आपण."

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा गावभर चर्चा चाललेली. बरं झालं की वाईट, यावर बाकड्यावरही जुंपली. माणिकराव पेन्सिलीचं टोक काढत बसले होते. सलीमभाईंनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" तर म्हणाले, "पाच घरातलं गाव चार घरात आणायचं म्हंजे अख्खा कोपरा उकलावा लागतोय, दुसरं काय!" आणि खरंच त्या आठवड्यात ते तोच एक कोपरा उकलत आणि विणत बसले होते.

मग एके दिवशी घरी निमंत्रणपत्रिका आली. कदम वकिलांच्या शब्दकोड्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन. पुस्तकाचं नाव मी इथं लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करू? आम्हा तिघांना मधल्या रांगेत बसवलं होतं. स्टेजवर वकील, वकिलांचे व्याही, दोन पुढारी आणि एक निवृत्त प्राचार्य. प्राचार्यांनी "या मातीतला पहिला कोडेकार" असं भाषण केलं. मी पुस्तक उघडलं. तिसऱ्याच पानावर 'आमचं गाव, दोन अक्षरी.' वकील जन्मानं तुळजापूरचे. पुढं दहा-बारा पानांवर 'बाईंचं माहेर, पाच अक्षरी.' कोण बाई, कुठलं माहेर, हे जगात चार माणसांना माहीत. बाकीच्या वाचकांनी ते कोडं कसं सोडवायचं याचाही विचार त्या माणसानं केला नव्हता. जसं होतं तसं उचलून छापलं होतं. सलीमभाईंची दोन-चार, माझी एक-दोन, आणि उरलेलं सगळं पुस्तक माणिकरावांचं.

मी माणिकरावांकडं पाहिलं. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरून पान न् पान बघत होते. चौकटी कशा छापल्यात, काळी घरं नीट भरलीत का, हे बोट फिरवून तपासत होते. टाळ्या झाल्या तशा त्यांनीही वाजवल्या.

बाहेर आल्यावर मी भडकले. "तुम्ही आत्ताच्या आत्ता वर जाऊन बोला. नाहीतर मी बोलते."

"काय बोलू?" ते म्हणाले. "नाव टाकायचं न्हाय ह्यो नियम म्याच घातलाय की. आता कोणत्या तोंडानं म्हणू, नाव टाका म्हणून?"

"नियम बाकड्यापुरता होता. चोरी करायला नव्हता."

"बाई, तुमी भांडाल, ते वकील हायत, ते बी भांडतील. मंग रविवारी बाकड्यावर कोण येणार? छापलं न्हवं? बास झालं."

मला वकिलांचा आला नसेल इतका त्या क्षणी माणिकरावांचा राग आला. तो अजून गेलेला नाही. सलीमभाईंच्या बाजूनं नियम घालणारा हा माणूस स्वतःच्या बाजूनं एक वाक्य बोलायला तयार नव्हता.

मी वकिलांच्या ऑफिसात गेलेच. पुस्तक समोर ठेवलं आणि 'आमचं गाव' वर बोट ठेवलं. वकील शांतपणे म्हणाले, "आमचं म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं, शीलाबाई. त्यात काय?" मी म्हटलं, ही कोडी माणिकरावांची आहेत. त्यांनी चहा मागवला. "असतील काही. पण कुठल्या कागदावर त्यांचं नाव आहे? त्यांच्या हातचा एक तरी कच्चा कागद दाखवा. कागद माझ्याकडं, मेहनत माझी, छपाई माझी. आणि खुद्द गरड साहेबांची काही तक्रार आहे का?" तक्रार नव्हती. त्या चहाला मी हात लावला नाही, एवढंच माझं समाधान.

ज्या बाकड्यासाठी माणिकराव गप्प बसले ते बाकडंही टिकलं नाही. वकील त्यानंतर एकदा येऊन गेले, मग "वेळच मिळत नाही हो" सुरू झालं. शाळाशाळांत त्यांची व्याख्यानं होऊ लागली होती. सलीमभाईंनी स्टॉल पुतण्याला दिला आणि ते लेकीकडं सोलापूरला गेले. जाताना म्हणाले, "डबा असू द्या इथंच. माझी याद म्हणून." राहिलो मी आणि माणिकराव. आम्ही दोघं पत्र्याच्या डब्यातून एकमेकांचं कोडं काढायचो. दोघांत एकाचं कोडं आपलं, म्हणजे दुसरं कुणाचं हे सांगायला कोण लागतं? तरी ते टाइप करूनच आणायचे आणि खाली कोरी जागा.

"आता तरी नाव टाका," मी एकदा चिडून म्हणाले. "माझ्याशिवाय बघतंय कोण?"

"नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. मग पेन्सिल चौकटीवर ठेवून हळूच बोलले, "एकदा वाटलं हुतं बाई. त्या हॉलमधी. पुस्तकाच्या वरल्या अंगाला कसं दिसलं असतं, म्हणून." मला त्यांना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, पण माझ्या तोंडून "मग बोलायचं होतं तेव्हा" एवढंच निघालं. ते हसले आणि पुरवणी उघडली.

माणिकराव गेले ते अचानक, बाजारातून भाजी घेऊन येताना. शोकसभा त्यांच्या कॉलनीतल्या मंदिरात झाली. कदम वकील आले, पांढरेशुभ्र कपडे घालून, आणि बोलायला पहिले उभे राहिले. "गरड साहेब म्हणजे माझे हाडाचे वाचक," ते गहिवरून म्हणाले. "माझं एकही कोडं त्यांनी सोडवायचं ठेवलं नाही." लोकांनी माना डोलवल्या. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ती कोडी माणिकरावांनीच तयार केलेली होती." मग मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, ही काय वेळ हाय का?" माणिकरावांच्या भावानं हात जोडले. वकिलांनी माझ्याकडं दुःखी नजरेनं पाहिलं, जणू माझ्याच डोक्यावर परिणाम झाला होता, आणि भाषण पुढं चालू केलं.

पुढं त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. कुणीतरी मला सांगितलं की अर्पणपत्रिकेत गरड साहेबांचं नाव आहे. मी विकत घेऊन पाहिलं. 'माझ्या कोड्यांचे पहिले वाचक कै. माणिकराव गरड यांच्या स्मृतीस.' माझं डोकं फिरलं. माणिकरावांच्या पत्नी कौसल्यावहिनी या सगळ्यात कधी नव्हत्याच. रविवारी नवरा कुठंतरी जातो आणि खुशीत येतो, एवढंच त्यांना ठाऊक असेल असं मी धरून चालले होते. निदान त्यांना तरी खरं सांगायचं ठरवून मी वर्षश्राद्धाला गेले.

भिंतीवर माणिकरावांचा हार घातलेला फोटो होता. शेजारी काचेच्या चौकटीत तेच अर्पणपत्रिकेचं पान लावलेलं. खाली वकिलांची लफ्फेदार सही. वहिनींनी मला तिथंच नेलं. "बघा की बाई. वकीलसाहेब सोता घेऊन आलते. म्या फ्रेम करून घेतली."

मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा, नियम, फाईल, पुस्तक. 'आमचं गाव' म्हणजे ईट, हेही सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाव हाय बाई. पुस्तक निघालं त्याच दिशी सांगितलंतं त्यांनी. जेवले न्हाईत त्या दिवशी."

"मग हे पान कशाला लावलंत भिंतीवर?"

वहिनींनी पदरानं त्या चौकटीची काच पुसली.

"त्यांचं नाव छापलेलं दुसरं पान कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशी असलं तर द्या. हे काढून ते लावते."

माझ्याकडं नव्हतं.