भिकाजी काकांची नकाराची यादी

भिकाजी काका मला कधीच आवडले नाहीत, आणि त्यांनाही मी आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चांगलं म्हणायला नको. मालवणात भर बाजारात, भरडावर, माझं एका खोलीचं ऑफिस आहे. लॉजवाले, बोटवाले, काजूवाले यांच्या वेबसाइट मी सांभाळते. काका धामापूरचे, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. तळ्याजवळच्या घरात दोन खोल्या त्यांनी पर्यटकांसाठी काढल्या होत्या आणि त्यांची वेबसाइट माझ्याकडे होती.

त्या दोन खोल्यांच्या भरवशावर त्यांचा मुलगा सुदेश मुंबईची नोकरी सोडून बायको-मुलीला घेऊन घरी आला होता. मे महिन्यापर्यंत बघतो, जमलं नाही तर परत जातो, असं त्याने बापाला स्पष्ट सांगितलं होतं. बायको तर निघायला एका पायावर तयार होती. काका आयुष्यात कुणापुढे नमले नसतील, पण माझ्या ऑफिसात बसून एकदा म्हणाले, "सनोबर, माका दुसरा कायएक नको. झील घरात ऱ्हवाक होयो." मुलगा घरात राहायला हवा, एवढंच एक वाक्य त्यांच्या तोंडून मी मऊ आवाजात ऐकलं.

जानेवारीत गूगलवर धामापूरला राहायची सोय शोधली तर काकांचं घर दिसेना. डिसेंबरपर्यंत ते पहिल्या पानावर असायचं. मी साइटच्या खात्यात जाऊन पाहिलं तर गूगलची नोटीस पडलेली. जुगाराच्या, वजन उतरवायच्या गोळ्यांच्या, नकली घड्याळांच्या शेकडो भिकार साइटींनी काकांच्या साइटला लिंक दिल्या होत्या. ज्यांच्या तोंडी आपलं नाव येतं त्यांच्यावरून गूगल आपली पत ठरवतं. इथे नाव घेणारे सगळे भामटे निघाले, म्हणून काकांनाही त्यांच्याच रांगेत बसवलं होतं.

"म्हादूनच केल्यान," काका म्हणाले. "दुसरो कोण?"

महादू हा त्यांचा चुलतभाऊ. तळ्याच्या पलीकडे त्याच्याही खोल्या आहेत. गावच्या जत्रेत मानाचा नारळ कुणी ठेवायचा यावरून बारा वर्षांपूर्वी दोघांचं फाटलं. तेव्हापासून महादूच्या घरी जो जेवला, त्याच्याशी काका बोलत नाहीत. काकांचा आजा माणसांना वाळीत टाकायचा. आता त्याला कायद्याने बंदी आहे, पण काकांचं एकट्याचं चालू होतं. पोटची मुलगी रसिका पुण्याहून महादूच्या मुलीच्या लग्नाला आली, पंगतीत बसली आणि घरी आली, तर यांनी तिला पायरीवरूनच परत पाठवलं. त्याला तीन वर्षं झाली.

मी काकांची मेल उघडली. नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच एका फोनवरच्या माणसाकडून पाचशे लिंका विकत घेतल्या होत्या. मी ती मेल त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं होतं, थोडी तरी लाज वाटेल.

"ता माझाच," ते शांतपणे म्हणाले. "तो माणूस म्हणालो, म्हादूच्या वर जाशात."

"मगे म्हादूचा नाव कित्याक घेतास?"

"त्येच्यामुळेच घेतलंय मां विकत!"

मी सगळ्या लिंकांची यादी छापली. नको असलेल्या साइटींची नावं एका फाइलीत, एका ओळीत एक, अशी लिहून पाठवली की गूगल त्या लिंका धरत नाही. सोबत झाल्या चुकीची कबुली द्यायची. काकांना मी सांगितलं, ओळखीच्या नसतील त्यांवर पेन्सिलीने काट मारून आणा. माझी चूक झाली ती इथेच. या माणसाच्या हातात यादी आणि पेन्सिल द्यायला नको होती.

तीन दिवसांनी कागद परत आला. जुगारवाले गेले होतेच. पण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पान गेलं, कारण महादू तिथला खजिनदार. तालुक्याचं साप्ताहिक गेलं, त्यात महादूच्या सत्काराचा फोटो आला होता. कुडाळचे पक्षी बघणारे गेले, ते महादूकडे उतरले होते. आणि सगळ्यांत खाली रसिकाच्या साइटवर काट होती.

"काका, ही वाळीत टाकूची यादी नाय," मी म्हटलं. "ही माणसा तुमचा नाव घेतत, म्हणान गूगल तुमका वर दाखयता."

"म्हादूकडे जेवलो तो माझो नाय."

रसिका पुण्यात बसून कोकणातल्या जेवणावर लिहिते. तिला हजारो लोक वाचतात. काकांच्या खोल्यांना गिऱ्हाईक येत होतं ते मुख्यतः तिच्या एका लेखामुळे. तो मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबांच्या हातची पेज, फणसाची भाजी, तळ्यावरची सकाळ, आणि शेवटी घराचा पत्ता. बापाविरुद्ध अवाक्षर नव्हतं.

"कधी लिवल्यान ह्या?"

"गेल्या पावसात. तुमी बोलूक सोडलात, त्येच्या नंतर."

लेखातला घराचा पत्ता त्यांनी बोट फिरवत स्वतः वाचला. मला वाटलं, विरघळले. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि रसिकाच्या नावावर पुन्हा काट मारली. कागद फाटला.

मी परत समजवायला गेले तर म्हणाले, बाजारात बसणाऱ्या बायकांनी लोकांच्या घरात नाक खुपसू नये. माझं डोकं फिरलं. बरं म्हटलं, बुडायचंच आहे तर बूड. कबुली मात्र मी खरी लिहिली, महादूचं नाव घातलं नाही. यादी होती तशी पाठवून दिली. तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

महिन्याभरात नोटीस उठली. पण साइट आली ती पाचव्या पानावर, आणि तिथे कोण बघतो? वाईट लिंका गेल्या तशा चांगल्याही गेल्या, काकांसाठी शब्द टाकायला कुणी उरलं नाही. एप्रिलात पलीकडे महादूच्या अंगणात गाड्या मावेनात आणि काकांच्या खोल्यांतल्या गाद्या सुनेने उन्हात घालून परत आत नेल्या.

गिऱ्हाईक का येत नाही ते सुदेश विचारायला आला तेव्हा मी यादी त्याच्यापुढे ठेवली. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. मग तिथूनच बापाला फोन लावला आणि मला ऐकू जाईल असा स्पीकर सुरू केला.

"बाबा, रसिकाचा नाव तुमीच लिवलात?"

"होय."

"आता काढूक सांगा. सनोबर समोरच आसा. तुमी हो म्हणा फक्त."

"काढूचा नाय."

"मगे मी जातंय."

"जा."

सुदेश बायको-मुलीला घेऊन गेला. मुंबईचं घर भाड्याने दिलेलं होतं, म्हणून ते पुण्याला रसिकाकडे उतरले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काका ऑफिसात आले. दाढी वाढली होती. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"त्या यादीत आणि एक नाव घाल," ते म्हणाले. "सुदेश. तो तिच्याकडे जेवता आता."

"काका, हेच्यात साइटींची नावा घालतत. माणसांची घालूक येणा नाय."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदाच बहुतेक त्यांना पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

"मगे माणसांका खंय घालतत?"

"घराभायर. ता तुमी आधीच केलात," मी म्हटलं.

ते मान खाली घालून बसले. रसिकाचं नाव काढूया का, एवढं मी त्या क्षणी विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, याची मला आजही खात्री आहे. मी विचारलं नाही.